वादळानंतर सांगितलेला इशारा

कोकण किनाऱ्याला चक्रीवादळ धडकले किंवा पंचगंगा पात्राबाहेर पडली, की दोन दिवसांत मोबाईलवर उपदेश फिरू लागतात. त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या प्रवचनांचे डबिंग असतात. पडद्यावर खवळलेला समुद्र, कोपऱ्यात बायबलातल्या मत्तय २४ चा दाखला आणि शेवटी ‘देवाचा अखेरचा इशारा’. कोल्हापूर, मिरज, सांगलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर ते भक्तिभावाने पुढे ढकलले जातात. तेवढ्याच तत्परतेने दुसरीकडून उत्तर येते: कमी दाबाचा पट्टा कळत नाही म्हणून देव आठवतो, सगळी अंधश्रद्धा. मग चार दिवस हमरीतुमरी होते आणि पाणी ओसरले की वादही ओसरतो. हा वाद दोन्ही बाजू वाईट लढवतात. एकीने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात धरलेले असते, पण उघडलेले नसते. दुसरीला वाटते की वादळ कसे तयार होते हे सांगितले म्हणजे विषय संपला. मुलगा बुडालेल्या आईने ‘का?’ असे विचारले, तर तिला हवामानशास्त्र शिकायचे नसते, हे या बाजूच्या गावीही नसते.

माझे म्हणणे असे आहे. ख्रिस्ती माणसाने वादळात देवाचा हात पाहायला हरकत नाही, त्याच्या धर्मग्रंथात ती परंपरा आहे. पण त्याच ग्रंथात खऱ्या इशाऱ्याच्या खुणाही आहेत. एक तर तो वादळाच्या आधी येतो आणि वाचायचे कसे ते सांगतो. नाही तर, वादळात सापडलेला माणूस स्वतःच, स्वतःपुरता, त्याचा अर्थ लावतो. वादळ होऊन गेल्यावर कोरड्या जागी बसून दुसऱ्याच्या पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवणे हा निव्वळ आरोप आहे. आणि असा आरोप करणाऱ्यांना शास्त्रात शाबासकी मिळाल्याचे कुठे दिसत नाही.

आधी समोरच्याचे जे खरे आहे ते मान्य करू. वादळाशी देवाचा काही संबंध नाही असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाला स्तोत्रसंहितेची बरीच पाने फाडावी लागतील. २९ व्या स्तोत्रात गर्जना हीच परमेश्वराची वाणी आहे आणि ती लबानोनाचे गंधसरू मोडते. १४८ व्या स्तोत्रात गारा, हिम आणि तुफान वारा त्याची आज्ञा पाळतात. देवाची आज्ञा टाळून जहाजाने पळणाऱ्या योना संदेष्ट्याच्या मागे समुद्रावर प्रचंड वारा सोडला तो परमेश्वरानेच. आमोस संदेष्टा तर स्पष्टच म्हणतो की एका गावावर पाऊस पाडला, दुसऱ्यावर पाडला नाही, तरी लोक देवाकडे वळले नाहीत. हे सगळे जुन्या काळची समजूत म्हणून बाजूला सारले, तर जो देव उरतो त्याला पुरात हाक मारण्यात अर्थ उरत नाही. शिवाय आपत्तीनंतर माणसे खरोखरच अंतर्मुख होतात. दारू सुटते, भावाभावांतला बांधाचा तंटा मिटतो, अनोळखी माणसासाठी भाकऱ्या थापल्या जातात. हे खोटे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट पुरोगामी मंडळींना सहसा माहीत नसते. ‘वादळ फक्त देवाच्या हातात’ या शिकवणीने माणसांचे जीव वाचवलेले आहेत. नवव्या शतकात, ८१५ च्या सुमारास, फ्रान्समधल्या लियाँचा बिशप आगोबार्ड याने गारा आणि गडगडाट यांवर एक प्रबंध लिहिला. त्याच्या भागात समजूत अशी होती की काही मांत्रिक वादळ उठवतात आणि ढगांतून येणारी जहाजे गारांनी झोडपलेले पीक विकत नेतात. त्या जहाजांतून पडले म्हणून तीन पुरुष आणि एक बाई यांना बांधून आणले होते, दगडांनी ठेचायची तयारी होती. आगोबार्डने शास्त्राचे दाखले देत वाद घालून ते थांबवले. त्याची तक्रार मोठी मजेशीर आहे: चर्चचा दशमांश द्यायला ज्यांचा हात आखडतो, ते वादळ अडवणाऱ्या भोंदूंना मात्र वर्षाचा हप्ता न मागता पोचवतात. पुढे १५३९ मध्ये जर्मनीत योहानेस ब्रेंझ या पाळकाने गारपिटीवर उपदेश केला आणि ईयोबाचा दाखला देऊन सांगितले की गारा चेटकिणींच्या हातात नाहीत. त्याच मुलुखाजवळ वीझनश्टाइग गावात ऑगस्ट १५६२ मध्ये मोठी गारपीट झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी चेटकिणी शोधायला घेतल्या आणि ६३ जणींना मारले. तेव्हा देवाला आभाळातून हाकलले की आभाळ आपोआप विज्ञानाच्या ताब्यात येते, असा हिशेब नसतो. मधल्या काळात ते शेजारणीच्या नावावर चढते.

एवढे मान्य केल्यावर आता शास्त्र उघडू. निर्गम या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात गारांची पीडा आहे. मोशे मिसरच्या राजाला, फारोला, सांगतो: उद्या याच वेळी मिसरात कधी पडल्या नव्हत्या अशा गारा पडतील, तेव्हा आत्ताच माणसे पाठव आणि रानात असलेली गुरेढोरे आसऱ्याला आण, बाहेर राहील ते मरेल. यात वेळ आहे, प्रदेश आहे, धोक्याचा प्रकार आहे आणि काय करायचे तेही आहे. शिवाय ही सूचना शत्रूला दिलेली आहे. फारोच्या ज्या चाकरांनी ऐकले त्यांनी गुरे गोठ्यात आणली. नुकसानीची नोंदसुद्धा एखाद्या तलाठ्याने करावी तशी आहे: सातू निसवला होता आणि जवस फुलावर होता म्हणून दोन्ही गेले, गहू मागास होता म्हणून वाचला. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना देतो तीही याच जातीची असते. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कता, २४ तास आधी इशारा, आणि १२ तास आधी किनारा ओलांडल्यावर आतल्या जिल्ह्यांत काय होईल याचा अंदाज. मासेमारांनी कधी परतायचे, कुठली घरे पडू शकतात, वाऱ्याचा वेग किती, हे त्यात असते. मोबाईलवरच्या ‘अखेरच्या इशाऱ्या’त यातले काय असते? पाणी येऊन गेल्यावर आलेला, कुणाला उद्देशून ते न सांगणारा आणि जनावरांचे काय करायचे याबद्दल चकार शब्द नसलेला मजकूर मोशेच्या पंगतीला कसा बसवायचा?

योनाचे उदाहरण तर नेहमी उलटे सांगितले जाते. त्या जहाजावर पापी कोण होता? परदेशी, मूर्तिपूजक खलाशी नव्हते. ते बिचारे आपापल्या देवाला हाका मारत होते, माल समुद्रात टाकून जहाज हलके करत होते आणि दोषी कोण हे कळल्यावरही त्याला बुडवायला नको म्हणून वल्ही मारत होते. दोषी होता तो देवाचा संदेष्टा, तळाशी गाढ झोपलेला. वादळ माझ्यामुळे आले आहे, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. ही कथा वापरून कुणी पाळक दुसऱ्यांच्या पापांची यादी वाचू लागला, तर त्याने गोष्टीतल्या खलाशांची जागा घेतलेली नाही आणि योनाचीही नाही. तशी जागा त्या जहाजावर नाहीच.

ईयोबाचे पुस्तक तर याच वादासाठी लिहिल्यासारखे आहे. रानाकडून आलेल्या वावटळीने घराचे चारी कोपरे हलवले आणि ईयोबाची मुले गाडली गेली. मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत त्यांचे बरोबर होते. मग त्यांनी तोंड उघडले: काही तरी पाप असल्याशिवाय असे होत नाही. शेवटी देव वावटळीतूनच बोलतो, पण मुले का मेली ते सांगत नाही. उलट विचारतो की जिथे माणूसच राहत नाही अशा ओसाड भूमीवर पाऊस कोण पाडतो? याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पाऊस हा दर वेळी माणसाला उद्देशून केलेला संदेश नसतो, माणूस नसतो तिथेही तो पडतो. त्यानंतर अलीफजाला सुनावले जाते की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. देवाची बाजू घेऊन आपद्ग्रस्ताला दोष देणाऱ्यांना प्रायश्चित्त करावे लागले, आणि तेही त्याच आपद्ग्रस्ताच्या दारात.

नव्या करारात येशू हा प्रश्न थेट हाताळतो. लूकाच्या १३ व्या अध्यायात तो शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांचे नाव काढतो. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते काय? नाही, असे तो म्हणतो. लगेच पुढे म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. इशारा मानणारे हे दुसरे वाक्य पकडतात, आणि त्यात त्यांचा मुद्दा आहे हे कबूल केले पाहिजे. येशू आपत्तीचा उपयोग पश्चात्तापाच्या हाकेसाठी करतो. पण ती हाक ऐकणाऱ्याला आहे. मेलेल्यांचा हिशेब त्याने पहिल्याच शब्दात बंद केला. या दोन वाक्यांतले एकच वाचणारा निम्मे शुभवर्तमान सांगतो.

मत्तय २४ चे काय? लढाया, दुष्काळ, भूकंप ही चिन्हे त्यात आहेत, लूकाच्या २१ व्या अध्यायात समुद्राची गर्जनाही आहे. पण मत्तयाच्या त्याच अध्यायात घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, ही तर वेदनांची सुरुवात आहे असेही लिहिले आहे, आणि तो दिवस कोणालाही, पुत्रालासुद्धा, ठाऊक नाही असे पुढे बजावले आहे. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळाने इंग्लंडमध्ये हजारो माणसे मेली, तेव्हाही राणी ॲनने देवाच्या कोपाबद्दल राष्ट्रीय उपवास जाहीर केला होता. त्या वादळात बाथ आणि वेल्सचे बिशप रिचर्ड किडर आणि त्यांची पत्नी बिशपच्या वाड्याची धुराडी कोसळून अंथरुणातच गेली. या निशाण्याचा अर्थ कसा लावायचा? ‘आता वादळे वाढली आहेत’ हा आणखी एक युक्तिवाद असतो. उत्तर हिंद महासागरात वर्षाला सरासरी पाच चक्रीवादळे होतात, त्यातली बहुतेक बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्रात अलीकडे तीव्र वादळे जास्त दिसतात, कारण हा समुद्र तापतो आहे, साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेले पाणी हे चक्रीवादळाचे इंधन. वर्षाला पाच वादळे आणि पापे मात्र रोजची, मग जोड लावायला कुठलेही वर्ष पुरते.

आणि हा तर्क एकदा मोकळा सोडला की तो कुणाच्या दारात जाईल हे आपल्या हातात राहत नाही. हे ख्रिस्ती समाजाने स्वतः भोगलेले आहे. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन लिहितो की रोमची टायबर नदी तटापर्यंत चढली किंवा नाईल शेतापर्यंत चढली नाही, पाऊस पडला नाही किंवा धरणीकंप झाला, की लगेच आरोळी उठते: ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका! त्यावर त्याचा प्रश्न: इतक्या सगळ्यांना एका सिंहापुढे? ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हाही दोष ख्रिस्ती धर्मावर आला. कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर येऊन काम सुरू करेपर्यंत इथे ख्रिस्ती समाज जवळजवळ नव्हताच, आजही तो मूठभर आहे. महापुराला कुणाचे तरी पाप कारण असते हे सूत्र मूठभरांनी गावाला शिकवावे, यात शहाणपण किती? उद्या कुणी म्हणाले की घराण्याचे देव सोडून चर्चमध्ये जाऊ लागलात म्हणून पाणी चढले, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

पाण्याचा अर्थ पाण्यावर लिहिलेला नसतो हे तर आपल्याच जिल्ह्यात दिसते. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसे येतात. तेच पाणी आणखी चढले की शिरोळ तालुक्यातली गावे खाली करावी लागतात. कुठल्या फुटाला कृपा संपते आणि कोप सुरू होतो?

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले होते. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे: पाप त्यांनी आपल्या समाजाचे सांगितले, परक्याचे नाही, आणि ते पाप खरेच होते. तरीही टागोरांचा आक्षेप टिकतो. विरोधक हाच भूकंप गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाच्या पदरात घालू शकतात, असे त्यांनी दाखवून दिले. शिवाय ढिगाऱ्याखाली ज्यांच्यावर अन्याय झाला तेही होते. इतक्या चांगल्या कारणासाठी, इतक्या प्रामाणिक माणसाने वापरलेला हा तर्क जर हातातून निसटतो, तर कॅमेऱ्यासमोर बसलेल्या उपदेशकाच्या हातात तो काय करील?

न्यू ऑर्लिन्समध्ये काय केले ते पाहा. २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतल्या काही नामवंत उपदेशकांनी शहराच्या विलासीपणाला दोष दिला. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण ज्या फ्रेंच क्वार्टरमुळे ते शहर बदनाम, तो भाग बराचसा कोरडा राहिला, कारण तो नदीकाठच्या जुन्या उंचवट्यावर वसलेला आहे. बुडाल्या त्या सखल भागातल्या वस्त्या, त्यात गरीब कृष्णवर्णीयांची घरे आणि त्यांची चर्चेस. पूरभिंती आणि बांध पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले होते. ते ज्यांनी बांधले त्या लष्करी अभियंत्यांनी पुढच्या वर्षी आराखड्यातले दोष कबूल केले. पापच शोधायचे होते तर ते तिथे होते, काँक्रीटच्या पायात. पण त्यावर उपदेश करायला नकाशा वाचावा लागतो.

चुकीच्या अर्थाने माणसे मरतात, हेही लपवून चालणार नाही. युरोपात शतकानुशतके वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवत, देवाचे रक्षण मिळावे म्हणून. गावातली सर्वांत उंच इमारत, वर धातूची घंटा, खाली ओला दोर धरून उभा माणूस. म्युनिकमध्ये १७८४ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात हिशेब आहे: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. फ्रँकलिनचा वीजवाहक, म्हणजे वीज जमिनीत नेणारी सळई, १७५० च्या दशकातच माहीत झाला होता. देवाच्या हातातले शस्त्र अडवायचे कसे, म्हणून तो बसवायला विरोधही झाला. पोर्तुगालच्या लिस्बनला १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंपाने भाविकांनी भरलेली चर्चेस कोसळली. पुढच्या वर्षी मालाग्रिदा या जेझुइट पाद्रीने लिहिले की नैसर्गिक कारण सांगणे हाच अधर्म आहे, आणि घरे उभारण्याच्या धावपळीपेक्षा पश्चात्ताप महत्त्वाचा. पंतप्रधान पोंबाल काही संत नव्हता, त्याने मालाग्रिदाचे जे केले ते क्रूर होते. पण पाळकांकडे त्याने पाठवलेली प्रश्नावली वाचण्यासारखी आहे: हादरा किती वेळ टिकला, समुद्र आधी आत गेला की बाहेर आला, विहिरींचे पाणी बदलले का. चर्चच्या माणसाला आपत्तीत उपयोगी कसे पडायचे, याचे ते एक चांगले उत्तर होते.

याहून चांगले उत्तर नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात आहे, आणि नवल असे की वादळावरच्या उपदेशांत तो फारसा येत नाही. प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजाने रोमला निघालेला. उपवासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे ऋतू उलटला होता. त्याने जहाज सुटण्याआधीच सांगितले की हा प्रवास नुकसानीचा होईल. शताधिपतीने, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याने, तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. मग ईशान्येचे तुफान आले. पुढचे वर्णन दर्यावर्दी माणसाने लिहावे तसे आहे: होडी वर ओढून घेतली, जहाजाला खालून दोर आवळले, दुसऱ्या दिवशी माल टाकला, तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान टाकले. चौदाव्या रात्री खोली मोजायची बुडीद टाकून पाहिली तर वीस वाव, थोडे पुढे पंधरा वाव. मग जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर सोडले. खलाशी होडीतून पळू पाहत होते तेव्हा पौलाने ते हेरले आणि शिपायांनी होडीचे दोर कापले. पहाटे त्याने सगळ्यांना जेवायला लावले, मग गहू समुद्रात टाकला. २७६ माणसे, एकही दगावला नाही. पौलाला देवदूताचे दर्शन झाले होते, प्रार्थना होती, सारे होते. पण हे वादळ कुणाच्या पापामुळे आले याबद्दल अख्ख्या अध्यायात एक ओळ नाही. तसा अर्थ लावणारे भेटतात ते मिलिता (आजच्या माल्टा) बेटावर: पौलाच्या हाताला साप डसला तेव्हा हा खुनी असणार म्हणाले, तो मेला नाही तेव्हा हा देव आहे म्हणाले. दोन्ही वेळा चुकले.

कोल्हापुरात इशाऱ्याचा आकडा लहान पोरालाही पाठ असतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडू लागले की प्रत्येकातून १४२८ क्युसेक भोगावतीत येते आणि काही तासांनी ते शहरात दिसते. सुतारवाड्यातली कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलतात, चिखली-आंबेवाडीला निरोप जातो. तरी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले तेव्हा, माणसे अडकलीच. कारण एक म्हणजे २००५ च्या पुराची खूण: तेव्हा पायरीपर्यंत आले होते, आताही तेवढेच येईल, हा हिशेब. दुसरे म्हणजे दावणीची म्हैस. माणसांची सोय शाळेत होते, जनावराची कुठे? म्हणून घरटी एक जण मागे राहतो, आणि रात्री पाणी चढले की तोच छपरावर असतो. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटली ती पेलण्यापेक्षा जास्त माणसे चढल्यामुळे, आणि एका बोटीवर एवढी माणसे आली ती निघायला उशीर झाल्यामुळे. मोशेने फारोला पहिल्यांदा गुरांबद्दल का सांगितले, हे चिखलीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पाप आणि पूर यांचा संबंध नाहीच, असेही मला म्हणायचे नाही. तो संबंध कार्यकारणाचा असतो तिथे जरूर बोलावे. पूरक्षेत्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पाडणे, ओढ्यावर गाळे बांधणे, मंजुरीसाठी रेषाच सरकवायला पाहणे, यांत लोभ आहे, खोटे आहे, आणि त्याचे पाणी तिसऱ्याच्याच घरात जाते. आमोसने ज्यांना धारेवर धरले ते माप लहान आणि तराजू खोटा करणारे व्यापारी होते. तो आज इथे आला असता तर त्याने ज्योतिष सांगितले नसते, मोजणीचा नकाशा मागितला असता. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलीनच्या आधी दहा लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या चौदा वर्षांत ओडिशाच्या पापपुण्यात काय फरक पडला कुणास ठाऊक. निवारे बांधले गेले, रस्ते झाले, सूचना वेळेवर पोचू लागल्या.

मग पाळकाने पुराच्या पहिल्या रविवारी बोलायचे काय? लूकाचा १३ वा अध्याय पुढे वाचावा. बुरुजाच्या गोष्टीला लागूनच फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आहे. मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हे वर्ष मंडळीलाही मिळते, एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत. त्यात करण्याजोगे बरेच आहे. मेअखेर हॉल लाल रेषेच्या बाहेर आहे का ते नकाशावर पाहून घ्यावे, किल्ली कुणाकडे हे दोन माणसांना माहीत असावे. सभासदांपैकी आणि शेजाऱ्यांपैकी अंथरुणाला खिळलेले कोण, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कुणाला लागतात, कुणाच्या दावणीला किती जनावरे, याची यादी हवी, आणि वैरणीची जागा उंचावर ठरलेली हवी. पाणी ३५ फुटांना आले की ग्रुपवर दर तीन तासांनी पातळी, वेळ आणि कुठून कळले ते टाकावे, बाकी काही नाही. वळवाच्या दिवसांत पुण्याच्या हवामान संस्थेचे दामिनी ॲप उघडून पाहावे. ते नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर झाडाखालून उठून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. २९ वे स्तोत्र घरात बसूनही म्हणता येते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा दुष्काळ कुणाच्या पापाचा हे ठरेपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या.

आणि पापाबद्दल बोलायचेच असेल, तर सुरुवात योनासारखी करावी. मिशनच्या काळापासून मंडळ्यांकडे जागा आहेत: शाळा, वसतिगृहे, दवाखाने, भाड्याने दिलेले गाळे. त्यातले किती निळ्या रेषेच्या आत आहेत, कुठे भराव टाकला आहे, ओढ्याकडेची भिंत कुणाच्या परवानगीने उभी राहिली, हे सभासदांच्या बैठकीत कागद समोर ठेवून विचारावे आणि निघेल ते काढावे. पालिकेकडे बिल्डरांची यादी मागायला त्यानंतर जावे.